बेटावर गेलेला महाप्रसाद

वनखात्यात नोकरी केली असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वाघ पाहिला का?" पाहिला. प्रशिक्षणाला असताना एकदाच पाहिला, तोही पाठमोरा, आमच्याकडे लक्ष न देता निघून जाताना. त्यानंतरची सगळी नोकरी मी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत काढली. इथं बाभूळबन, गवताची माळरानं आणि नदीची वाळू यांनाच जंगल म्हणायची सवय करून घ्यावी लागते. किनवटकडे खरं जंगल आहे, पण तिकडे माझी बदली झाली नाही. मागितली तेव्हा झाली नाही आणि मागायचं सोडलं तेव्हाही झाली नाही.

आमचं घर अहमदपूरचं. वडील शाळेत मास्तर, दोन्ही भाऊ मास्तर, वहिनी मास्तरीण. अशा घरातली मुलगी खाकी घालून वनरक्षक झाली, तेव्हा मावशीनं तोंडावर विचारलं होतं, "अगं पण जंगल हाय कुठं तुझ्याकडं, राखायला?" मी काहीतरी उत्तर दिलं असेल. खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मलाही तोच प्रश्न होता.

या नोकरीत दिवस कसा जातो ते आधी सांगते. वनरक्षकाला एक बीट देतात, म्हणजे सांभाळायचा टापू. त्यात झाडतोड, वणवा, शिकार, विहिरीत पडलेलं हरीण, घरात शिरलेला साप, सगळं त्याच्याकडे. आणि बिबट्या. बिबट्या आमच्याकडे प्रत्यक्षात क्वचित आणि फोनवर दर महिन्याला येतो. जळकोटकडच्या एका गावात तुरीत बिबट्या बसलाय म्हणून आम्ही जाळी घेऊन धावलो होतो. सगळं गाव गच्च्यांवर चढलेलं, मोबाइल वर धरलेले. शेवटी तुरीतून बाहेर आलं ते खरूज झालेलं पिवळं कुत्रं. लोकांची इतकी निराशा झाली की आमच्यासाठी ठेवलेला चहा कुणी दिलाच नाही.

असे किस्से पुष्कळ आहेत, पण संपादकांनी एकच लेख मागितला आहे. म्हणून वाघ-बिबट्या बाजूला ठेवून मी एका पाखराबद्दल लिहिते. त्याचं पुस्तकातलं नाव काळ्या पोटाचा सुरय.

अंगानं कबुतरापेक्षा बारीक, पंख लांब, शेपटी दुभंगलेली, चोच नारिंगी, डोक्यावर काळी टोपी आणि विणीच्या दिवसांत पोटही काळं. पाण्यावरून उडत जातो आणि वरूनच सूर मारून मासा उचलतो. गावात त्याला वेगळं नाव नाही. अशा सगळ्यांना मिळून पाणपाखरू म्हणतात. थंडीत परदेशातून येणाऱ्या पक्ष्यांचं कौतुक वर्तमानपत्रात छापून येतं. याचं येत नाही, कारण हा कुठून येत नाही. हा इथलाच, आपल्या नद्यांचा. पूर्वेकडच्या काही देशांतून तो जवळजवळ संपला आहे आणि आपल्याकडेही फार थोडा उरला आहे.

संपण्याचं कारण साधं आहे. हा पक्षी घरटं बांधत नाही. उन्हाळ्यात नदी उतरली की उघड्या वाळूत पोटानं एक खळगी करतो आणि तिच्यात दोन-तीन अंडी घालतो. अंड्यांचा रंग वाळूचा, वर तपकिरी ठिपके. पायाखाली आली तरी कळत नाहीत. आणि नेमकं त्याच दिवसांत माणसाला वाळूत काम निघतं. वाळू उपसणारे ट्रॅक्टर येतात, जनावरं पाण्यावर येतात, त्यांच्यामागून कुत्री येतात, सुट्टीला आलेली मंडळी पोहायला येतात. वर ऊन असं की उघडं पडलेलं अंडं थोड्याच वेळात शिजतं. म्हणून नर आणि मादी पाळीपाळीनं अंड्यांवर बसतात, मधेच पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतात आणि ओल्या पोटानं पुन्हा अंडी झाकतात. हे मी दुर्बिणीतून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते खरं वाटलं नव्हतं.

तर या पाखराला वाचवायचं म्हणजे काही करायचं नसतं. तिथं जायचं नाही, कुणाला जाऊ द्यायचं नाही, बास. काहीही न करणं सरकारी नोकराला सहज जमावं असं कुणीही म्हणेल. तेवढंच सगळ्यांत अवघड गेलं.

जागा लोहा तालुक्यातली, गोदावरीच्या, म्हणजे इथल्या बोलीत गंगेच्या, पात्रातली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या उन्हाळ्यात कॅमेरेवाले येतील. नांदेडचे एक गृहस्थ असेच यायचे, हातभर लांब भिंग घेऊन. पक्ष्यांवर त्यांचं मनापासून प्रेम होतं आणि ते प्रेम त्यांना अगदी जवळून करायचं होतं. त्यांना आवरण्यात माझा एक अख्खा चैत्र गेला आहे.

पात्राच्या मधोमध वाळूचं एक बेट होतं, दोन्ही बाजूंनी गुडघाभर पाणी. त्या वर्षी तिथं सुरयांची मोजकी घरटी होती. माझ्या बीटात दुसरीकडे कुठंच नव्हती. त्या अंड्यांतून पिल्लं निघून पाऊसकाळाआधी उडाली पाहिजेत, इतकंच त्या उन्हाळ्यात माझं काम होतं. सोबतीला आमचा वनमजूर दशरथ. हा मूळचा नदीकाठचा, होडी वल्हवणारा, आणि बोलायला भारी कंजूष. दिवसभरात तो चार वाक्यं बोलला तर त्यातली दोन तंबाखूबद्दल असायची.

बेटाच्या समोर, अलीकडच्या काठाला, प्रयागबाईची टरबुजाची वाडी होती. आमच्याकडे नदी उतरली की वाळूत खड्डे घेतात, त्यांत शेणखत भरतात आणि बी टाकतात. उन्हाळाभर टरबूज निघतं, पाणी आलं की वाडी जाते. ही जमीन कुणाच्या नावावर नसते, पण कुणी कुठं लावायचं हे घराघरांत ठरलेलं असतं आणि त्यावरून कुणी भांडत नाही. प्रयागबाईच्या सासऱ्यापासून तो तुकडा त्यांचा.

प्रयागबाई माझ्यापेक्षा थोडी थोरली. काटक, उंच, आवाज खणखणीत, गावातल्या महिला भजनी मंडळाची मुख्य. तिची ख्याती एकाच गोष्टीची होती. तिच्या दारातून वायरमन, बोहारीण, वाट चुकलेला माणूस, कुणी उपाशी परत गेलेलं नव्हतं. बेटावरून पलीकडच्या काठाला जायची तिच्या घरच्यांची रोजची वाट होती, ती मी बंद केली. तशी नोटीस द्यायला गेले तर तिनं मला आधी जेवू घातलं, ताट उचललं आणि मग भांडायला बसली.

"म्याडम, पाखराच्या जिवाची तुमाला फिकीर हाय. आमी लांबून वळसा घालून जायचं, आमच्या पायाची न्हाई का?"

मी म्हटलं, "दोन महिन्यांचा प्रश्न आहे, प्रयागबाई."

"माझ्या सासऱ्याला कवा कुणी असं म्हणलं न्हाई," ती म्हणाली आणि वर ताकाचा पेला पुढे केला.

बेटावर जाऊ नका, हे गावाला कसं सांगायचं हा माझ्यापुढचा पेच होता. खात्याचा लोखंडी फलक लावला होता. तो काही दिवसांतच एका गोठ्याला दार म्हणून बसवलेला दिसला, 'प्रवेश निषिद्ध' म्हशीच्या बाजूला. ग्रामपंचायतीत सांगितलं, तर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढचा विषय घेतला. तेव्हा मला सप्ताह सुचला.

आमच्याकडे चैत्रात गावोगाव हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस भजन, कीर्तन, आणि शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. त्या दिवशी मंडपात येत नाही असा माणूस गावात नसतो. मग सगळ्या गावाची पंगत. मी सप्त्याच्या मंडळींकडून पाच मिनिटं मागून घेतली. कीर्तनाला आलेले महाराज तालुक्यात नावाजलेले होते. त्यांना आधी भेटून सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, दोन प्रश्नही विचारले.

काल्याच्या दिवशी मी खाकी घालून मंडपात उभी राहिले आणि शक्य तितक्या सोप्या शब्दांत बोलले. बेटावर जाऊ नका, जनावरं सोडू नका, कुत्री बांधून ठेवा, अंडी फुटली तर ही जात आपल्या नदीतून जाईल. लोकांनी ऐकलं. ज्या चेहऱ्यांनी ग्रामपंचायतीत ऐकलं होतं, तेच चेहरे होते.

मग महाराज उभे राहिले. काला म्हणजे सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र करून सगळ्यांनी मिळून खायचं, हा त्या दिवसाचा विषयच. महाराजांनी टाळ थांबवायला सांगितले आणि म्हणाले, "गोपाळांनी खाल्लं, तवा भवतालची पाखरं उपाशी बसली असतील का? म्याडमनं सांगितलं ते ध्यानात घ्या. तुमच्या गंगेच्या वाळूत पाव्हणे उतरलेत. दारात आलेला पाव्हणा उपाशी ठेवणारं हे गाव न्हाई!"

मंडपातल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं म्हणजे माझ्याही आलं. इतक्या महिन्यांत मला जे जमलं नव्हतं ते या माणसानं दोन वाक्यांत करून दाखवलं, असं मला वाटलं. पंगतीत मला पहिल्या ओळीत बसवलं. बुंदी, पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात. प्रयागबाई वाढायला होती. तिनं माझ्या पानात दोनदा बुंदी घातली आणि म्हणाली, "म्याडम, आता फिकीर करू नका. पाखरं आता गावाची झाली." त्या दिवशी भाचीचा साखरपुडा होता. मी लोह्याहून एसटी पकडली आणि अगदी हलक्या मनानं अहमदपूरला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतले तर दशरथ काठावर उभा होता. त्यानं बेटाकडे बोट दाखवलं.

बेटावर कावळे होते. नुसते काळे दिसत होते. तीन-चार कुत्री वाळू हुंगत फिरत होती. सुरय वर गोल फिरत होते, पण ओरडत नव्हते. आम्ही पाणी तुडवून पलीकडे गेलो. वाळूत पत्रावळी विखुरल्या होत्या आणि बुंदी, पुऱ्या, भाताचे ढीग पडले होते. प्रत्येक ढिगाला मुंग्या लागलेल्या. वाळूत बायकांच्या आणि लेकरांच्या पावलांचे ठसे होते.

दशरथनं मग थोडं थोडं करून सांगितलं. पंगत उठल्यावर भजनी मंडळाच्या बाया टोपल्या घेऊन निघाल्या, पुढे प्रयागबाई. दशरथ तेव्हा वाढपात अडकला होता, त्याला कळलं ते सगळ्या परत आल्यावर. एकेका घरट्याजवळ त्यांनी पत्रावळ मांडून प्रसाद ठेवला. अंडी कुणी पायदळी तुडवली नाहीत, त्याची फार काळजी घेतली. मग तिथंच उभ्या राहून त्यांनी दोन अभंग म्हटले. सुरय वरून ओरडत होते, सूर मारून डोक्यावर येत होते, एकीच्या डोक्यात चोचही बसली. बाया हात जोडून म्हणाल्या, पाखरं आनंदली. तो सगळा वेळ अंडी उन्हात उघडी होती. त्या परतल्या, अन्न तिथंच राहिलं. अन्नाच्या वासानं कावळे आणि कुत्री आली. ती बुंदीपाशी थांबतील कशाला?

एक घरटं मला अजून दिसतं. कुणी तरी, ऊन लागू नये म्हणून, अंड्यांवर पत्रावळ पालथी घातली होती आणि ती उडू नये म्हणून वर दगड ठेवला होता. खाली तिन्ही अंडी शाबूत. ती कुत्र्यांना सापडली नव्हती आणि आईबापांनाही. मी एक फोडून पाहिलं. ते उकडलेलं होतं.

बेटावर एकही घरटं उरलं नव्हतं. मला फार राग आला होता, आणि तो ज्याच्यावर काढावा असा माणूसच सापडत नव्हता. कुणी वाईट केलं असतं तर पंचनामा केला असता, आरोपी धरला असता. ते मला येतं.

काठावर परत आलो तर प्रयागबाई वाडीत टरबुजाच्या वेलांना पाणी घालत होती. मला पाहून घागर ठेवली आणि पदराला हात पुसत पुढे आली. चेहरा उजळलेला.

"म्याडम, जेवली का पाखरं?"

दशरथ पाण्याकडे बघायला लागला. हो म्हणून वेळ मारून नेणं सोपं होतं. पण पुढच्या वर्षीही सप्ताह बसणार होता आणि ही बाई पुढच्या वर्षी याच्या दुप्पट बुंदी घेऊन गेली असती. मी तिला वाळूत खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. पत्रावळ आणि दगडाचंही सांगितलं.

ती म्हणाली, "ते मासे खातेत, हे मला ठाऊक होतं."

"मग?"

"मंग सप्त्यात मासे कसे देणार, म्याडम? सात दिस सगळं गाव पाळतंय. म्हणून बुंदी नेली. म्हणलं एक दिस गोड खातील." थोडं थांबून ती म्हणाली, "ती पत्रावळ म्याच घातली. लई ऊन होतं."

मी तिच्या समजुतीसाठी काहीच बोलले नाही. आता वाटतं, हात तरी धरायला हवा होता. पण तेव्हा मला तिच्याबद्दलही वाईट वाटत होतं आणि अंड्यांबद्दलही, आणि दोन्ही एकदम करता येत नव्हतं. ती उठली, एकटी बेटावर गेली आणि संध्याकाळपर्यंत वाळूतून एकेक पत्रावळ आणि बुंदीचे दाणे वेचत राहिली. आता त्याचा काही उपयोग नव्हता, पण तिला थांबवायला मी गेले नाही.

या जातीचं एक बरं असतं. विणीचा हंगाम संपायच्या आत अंडी गेली तर जोडी कधीकधी पुन्हा घालते. कधीकधीच. नदीला पाणी यायच्या आत पिल्लू उडालं तरच त्याला अर्थ. मी वरच्या कार्यालयात सांगून टाकलं होतं की या वर्षी काही खरं नाही. सुरय बेटावरून दिसेनासे झाले होते.

काही दिवसांनी दशरथ माझ्या खोलीवर आला. दारातच उभा राहून म्हणाला, "वाडीत बसलेत."

"कोण?"

"पाखरं. प्रयागकाकूच्या टरबुजात."

जाऊन पाहिलं तर खरंच. वाडीच्या वरच्या अंगाला, जिथं वेलांच्या मधे वाळू उघडी होती, तिथं दोन माद्या अंड्यांवर बसल्या होत्या. बेट सोडून त्यांनी माणसाची वाडी का धरली ते मी सांगू शकत नाही. कदाचित बेटावर अजून कुत्री येत असतील. कदाचित ती जागा उंच होती म्हणून. पण आता अडचण वेगळी होती. वाडी म्हणजे रोज पाणी, रोज माणसांची ये-जा, आणि फळ तयार व्हायला आलेलं. वरचा अर्धा तुकडा महिनाभर, किंबहुना त्याहून जास्त, सोडून द्यावा लागणार होता. पाणी न मिळालेले वेल वाळणार, आणि जी टरबुजं धरली होती ती जागच्या जागी पिकून फुटणार. आणि या बाईच्या घरात मी नोटीस घेऊन आधीच एकदा गेलेली.

या वेळी नोटीस नेली नाही. कसं विचारावं याचा विचार करत तिच्याकडे गेले, तर ती वाडीच्या बांधावर बसलेली होती. पाठ वाडीकडे, तोंड गावाकडे, मांडीवर काठी.

"म्याडम, तिथंच थांबा," ती लांबूनच म्हणाली. "तुमी बी पुढं येऊ नका. तुमी आलाव की उठतेत ती."

"प्रयागबाई, टरबुजं..."

"मालकाला सांगितलंय. वरल्या अंगाला जायचं न्हाई. बोलला जरासं. बोलू द्या."

तिच्या मालकाचं बोलणं मी नंतर ऐकलं, ते जरासं नव्हतं. पण तो वरच्या अंगाला गेला नाही.

त्या उन्हाळाभर मी तिला त्याच बांधावर पाहिलं. डोक्यावर पदर, शेजारी पाण्याचा तांब्या. राखण करणारा माणूस राखायच्या गोष्टीकडे तोंड करून बसतो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. धोका बाहेरून येतो, म्हणून तोंड बाहेरच असावं लागतं. मी दूरच्या टेकाडावर दुर्बीण घेऊन बसायचे. पाखरं मला दिसायची, तिला नाही.

कुत्री आणि शेळ्या आवरणं सोपं होतं. गाव आवरणं अवघड. बुंदीचा घोळ गावाला कळला होता आणि सगळ्यांना मनापासून लागलं होतं. आता सप्ताह संपलेला, म्हणून माणसं मासे घेऊन यायला लागली. एकानं टोपलीत जिवंत मासे आणले. एका म्हातारीनं पाण्याचं मातीचं भांडं आणलं. दुसऱ्या एकानं सावलीसाठी ज्वारीच्या कडब्याचा भारा आणला. प्रयागबाई सगळ्यांना बांधावरूनच परत पाठवायची.

"कायबी देऊ नका."

"अगं पन पानी तरी?"

"नदी हाय त्यायला. जा."

जिच्या दारातून कुणी उपाशी गेलं नव्हतं, ती बाई येईल त्याला रिकामं परत धाडत होती. लोकांना त्याचं नवल वाटायचं. काहींना रागही यायचा.

आणि मग एक दिवस महाराज आले. जवळच्याच गावी त्यांचं कीर्तन होतं. पाखरं पुन्हा बसल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि त्यांना दर्शन घ्यायचं होतं. सोबत सप्त्याची मंडळी, मोबाइल काढलेले, एकाच्या हातात हार. अंड्यांतून पिल्लं नुकतीच निघाली होती. मी टेकाडावरून उठून धावायला लागले, पण वाळूत धावणं म्हणजे जागच्या जागी पाय मारणं. मी अर्ध्यात असताना मंडळी बांधाशी पोचली होती.

मी ऐकू येईल इतक्या अंतरावर पोचून थबकले, तोवर प्रयागबाई उठून उभी राहिली. वाकून महाराजांच्या पाया पडली. मग सरळ झाली आणि काठी आडवी धरली.

"महाराज, इथून पुढं येऊ नका."

मंडळीतला एक जण म्हणाला, "काकू, कुणाला अडवायलाव? महाराज हायेत ते."

"ठाऊक हाय. म्या पाया पडले की." मग ती महाराजांकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. "महाराज, तुमच्या शब्दावर आमी पाव्हण्याला जेवू घालाया गेलो. एक बी अंडं राहिलं न्हाई. तुमी चांगलंच सांगितलं, आमी बी चांगलंच केलं. तरी मेले. आता म्या हात जोडते, तुमी बी चांगलं करू नका."

महाराजांचा चेहरा उतरला. जो माणूस दोन वाक्यांत मंडप रडवू शकतो, त्याला एक शब्द सुचत नव्हता. हार घेतलेल्या माणसानं हार पाठीमागे लपवला. मग महाराजांनी पायातल्या चपला हातात घेतल्या, वाजू नयेत म्हणून की काय, आणि आले तसे मागे फिरले. जाताना माझ्यापाशी थांबले. "म्याडम, तुमी जाऊ नका म्हणला होता," एवढंच म्हणाले. त्यांच्याविरुद्ध माझ्या मनात जे काही साठलं होतं ते तिथंच संपलं.

शेवट गोड होता असं लिहायला मला आवडलं असतं. पिल्लांतली दोन घारीनं नेली, माझ्या डोळ्यांदेखत. एक उष्म्यानं गेलं. वरच्या अंगाची टरबुजं पिकून फुटली, त्यांचा आंबूस वास काठापर्यंत यायचा. पश्चिमेला ढग दिसायला लागले. एकच पिल्लू उरलं होतं, करड्या पिसांचं, पंख हलवून हलवून वाळूत पडणारं.

त्या सकाळी ते उडालं. आधी वाळूपासून हातभर वर, मग पाण्याकडे, मग पाण्यावरून. आई त्याच्या पुढे, बाप मागे. बेट ओलांडून पलीकडे गेले. मी दुर्बीण खाली केली तर डोळे भरून आले होते. प्रयागबाई त्या वेळी शेळ्यांच्या एका कळपामागे धावत होती. तिनं पाहिलंच नाही.

मी पहिल्यांदाच बांधापर्यंत गेले. ती धापा टाकत परत आली, मला इतक्या जवळ पाहून काठी उगारणारच होती.

"उडालं," मी म्हटलं.

"किती?"

"एक."

"एकच?"

"एकच."

ती काठी टेकून खाली बसली. पदरानं तोंड पुसलं आणि पुसतच राहिली. या वेळी मी तिच्याजवळ बसले आणि तिचा हात धरला. मग ती बोलली.

"म्याडम, जेवू घातले ते मेले. जेला कायबी दिलं न्हाई ते जगलं. म्या जन्मभर माणसं जेवू घातली. आता हे मी घरच्या सुनांला कसं सांगू?"

आम्ही दोघी तिथं बसून राहिलो आणि तिनं पहिल्यांदा मान वळवून आपल्या वाडीकडे पाहिलं.